हेवी लायसन काढायचं आणि वेळेत रिन्यू करायचं, नाशिकमधल्या ड्रायव्हर-मालकांसाठी

लायसनच्या कार्डावर दोन तारखा असतात, एक एनटीची आणि एक टीआरची. ट्रक, बस, टँकर, ट्रेलर यातलं काहीही चालवत असाल तर पहिल्या तारखेकडे बघूच नका. एनटी म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट, तुमची घरची मोटारसायकल आणि कार, आणि तिशीच्या आत लायसन काढलेलं असेल तर ती तारीख पार चाळिशीपर्यंत जाते. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, ज्याला आपण हेवी म्हणतो, तिची मुदत पाचच वर्षं. आधी तीन होती, १ सप्टेंबर २०१९ पासून पाच झाली. ड्रायव्हर खिशातून कार्ड काढतो, लांबची तारीख दाखवतो, म्हणतो साहेब अजून लय वर्षं आहेत, आणि खाली टीआर संपून चार महिने झालेले असतात. आडगावच्या ट्रक टर्मिनसला उभ्या असलेल्या गाड्यांचे लायसन बघा, असे सापडतीलच.

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हर लोकांच्या कागदपत्रांचं काम बघतो, नवीन लायसन, रिन्युअल, बॅज, टँकरवाल्यांचे कोर्स, सगळं. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा न्या वगैरे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. जिथे गाडी अडते तेवढंच सांगतो.

आधी ठरवा, हे तुम्हाला लागतं का

आरसी काढा आणि ग्रॉस वेट बघा. रिकाम्या गाडीचं वजन नाही, माल भरून जे परवानगीचं वजन असतं ते. ७५०० किलोपर्यंत असेल तर गाडी कायद्याने लाइट मोटर व्हेइकल आहे आणि ती चालवायला साधं एलएमव्ही लायसन पुरतं, नंबर प्लेट पिवळी असली तरी. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय. म्हणजे पिंपळगावला टोमॅटो घेऊन जाणारा पिकअप, छोटा हत्ती, टुरिस्ट कार यांना वेगळं टीआर लागत नाही. तरी अजून पोरांना सांगितलं जातं की टीआर मारून घे नाहीतर इन्शुरन्सवाले क्लेम देणार नाहीत, आणि त्याच्यासाठी पैसे घेतले जातात. देऊ नका. चौदा फुटी आयशर वगैरे गाड्या मात्र काठावर असतात, तिथे अंदाजाने चालायचं नाही, आरसीवर आकडा काय आहे तो बघून ठरवायचं.

प्रवासी वाहतूक करणार असाल, रिक्षा, टॅक्सी, बस, तर बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायची वेगळी परवानगी, लागतो. तो लायसनपेक्षा वेगळा विषय, वेगळा अर्ज, पोलीस व्हेरिफिकेशनसकट. एलएमव्ही चालतं म्हणून बॅज नको असं नाही.

नवीन हेवी काढताना

वय २० पूर्ण पाहिजे आणि एलएमव्ही लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं पाहिजे, हे दोन नसतील तर पुढे वाचायची गरज नाही. आठवी पासची अट सप्टेंबर २०१९ मध्ये गेली, शाळा सुटलेल्या पोरांना अजून कुणीकुणी परत पाठवतं म्हणून सांगतोय. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या कामांच्या सरकारी वेबसाइटवर, ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढा, ३० दिवस झाले की पक्क्यासाठी टेस्टचा स्लॉट घ्या, लर्निंग सहाच महिने चालतं त्याच्या आत उरका. सोबत ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. पेठ रोडला आरटीओ, गाडी आपण घेऊन जायची, म्हणजे स्कूलचीच. टेस्ट नीट शिकलेल्याला अवघड नाही.

फॉर्म ५ बद्दल मात्र बोलतो. हे शिकल्याचं सर्टिफिकेट आहे. हेवीला किमान १५ तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर बसवलंच पाहिजे असं नियमात आहे. तुम्हाला न बसवता कुणी फॉर्म ५ विकत देत असेल तर घेऊ नका, आणि मालक असाल तर तसल्या पोराला गाडी देऊ नका. सपाट रस्त्यावर ट्रक कुणीही पळवतो, भरलेली गाडी कसारा घाटातून खाली आणताना कळतं कोण शिकलाय. ब्रेकवर पाय ठेवून पूर्ण घाट उतरणारा पोरगा खाली पोचेपर्यंत लायनर तापवून ठेवतो आणि मग ब्रेक लागतच नाही. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे वाचून येत नाही, शेजारी जाणता माणूस बसवून उतरूनच येतं. स्कूलवाल्याला स्पष्ट सांगा की मला पेठ रोडच्या सावळघाटात घेऊन चल, तासांमध्ये ते धर. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

एकदा कार्डावर ट्रान्सपोर्ट आलं की ट्रक वेगळा, बस वेगळी असं काही नाही, १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो एकच वर्ग आहे. बसला बॅज तेवढा वरून.

रिन्युअल कधी करायचं

कायदा म्हणतो मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. हे वाक्य अर्धंच ऐकून लोक दोन्हीकडून फसतात. एक, फार आधी केलं तर नवीन पाच वर्षं ही रिन्यू झाल्या दिवसापासून मोजतात, जुन्या कार्डावर उरलेले महिने जोडून मिळत नाहीत, त्यामुळे अकरा महिने आधी पळायचं कारण नाही. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, संपल्यानंतर एक वर्ष मिळतं ते अर्ज करायला, गाडी चालवायला नाही. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालू धरायचे, ते २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकलं. आज रात्री बाराला टीआर संपलं तर उद्या सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून निघणारा ट्रक तुम्ही विना लायसन चालवताय.

नंतर रिन्यू केलं की मधले दिवस भरून निघतात असंही कुणी सांगेल, ते खोटं आहे. मधला खड्डा खड्डाच राहतो. दंड ५००० रुपये आणि तसल्या ड्रायव्हरला गाडी दिली म्हणून मालकाला वेगळे ५०००, पण दंडाचं सोडा, त्या मधल्या दिवसांत अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करायला कोर्टात जाते. माणूस गेला असेल तर ती रक्कम किती मोठी असते ते मालक लोकांना माहीत आहे, एका गाडीवाल्याचा धंदा त्यात संपतो. आणि संपून एक वर्षाच्या वर गेलं तर नुसतं रिन्युअल होत नाही, परत टेस्ट द्यावी लागते, हेवी गाडी घेऊन, वीस वर्षं गाडी चालवली असली तरी.

माझं म्हणणं असं, अर्ज दोन महिने आधी टाका. पण खालची तपासणी सहा महिने आधी करा, आजच केली तरी चांगलं.

सारथीवरची नोंद, इथेच सगळं अडतं

अर्ज भरायला अर्धा तास लागतो. सगळे व्हिडिओ तो अर्धा तास दाखवतात. जे अडतं ते त्याच्या आधीचं, तुमच्या लायसनची सारथीत नोंद आहे का आणि आहे तर बरोबर आहे का. पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून आपलं लायसन बघता येतं, ते उघडा. कार्डाच्या आधी लायसनचं पुस्तक असायचं, त्या जुन्या पुस्तकावरचा नंबर जसाच्या तसा टाकला तर निघत नाही. एमएच, मग १५, मग वर्ष चार आकडी, मग नंबर सात आकडी, पुढे शून्यं भरून. पुस्तकावर नुसतं ९८ आणि १२३ असेल तर १९९८ आणि ००००१२३ असं. निम्म्या लोकांचं "रेकॉर्ड नाही" हे इथेच मिटतं.

तरी निघालं नाही तर बॅकलॉग. म्हणजे जुन्या रजिस्टरमधली तुमची नोंद कॉम्प्युटरवर कधी चढलीच नाही. ज्या ऑफिसने लायसन दिलं तिथे जायचं, मूळ पुस्तक, आधार आणि अर्ज घेऊन, ते रजिस्टर बघतात, नोंद चढवतात, वरचा अधिकारी मंजूर करतो, मग ती सारथीत दिसते. मालेगावचं लायसन असेल तर एमएच ४१, मालेगावलाच जा, पेठ रोडला दिवस घालवू नका. यूपी, बिहार, राजस्थानच्या ड्रायव्हरांचं बॅकलॉग त्यांच्याच आरटीओत होतं, नाशिकमधून कुणी करून देतो म्हणत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय. आणि त्यांच्या आरटीओतही नोंद सापडत नसेल तर ते लायसन खरं होतं का हाच प्रश्न आहे. अशा वेळी ड्रायव्हर कितीही भला माणूस असो, गाडीवरून उतरवा आणि एलएमव्हीपासून नवीन काढायला लावा. कामावर ठेवतानाच हे तपासलं तर नंतर वाईटपणा येत नाही.

आता सगळ्यात वाईट प्रकार, ज्यात मी सगळ्यात जास्त अडकलो. नोंद आहे, नाव बरोबर, फोटो बरोबर, पण वर्गाच्या खाली फक्त एलएमव्ही आणि मोटारसायकल, ट्रान्सपोर्ट गायब. वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. हे होतं कसं, तर माणसाने एलएमव्ही एका जिल्ह्यात काढलेलं असतं, पुढे कामाला दुसरीकडे आला तिथे हेवी चढवलं, पुस्तकात शिक्का बसला, आणि कॉम्प्युटर आले तेव्हा पहिल्या ऑफिसने आपल्याकडे होतं तेवढंच चढवलं. दुसऱ्या ऑफिसचा शिक्का फक्त पुस्तकात राहिला. अशा स्थितीत रिन्युअलचा अर्ज टाकू नका, काहीही झालं तरी टाकू नका. अर्ज मंजूर होईल, कार्ड घरी येईल, आणि त्यावर ट्रान्सपोर्ट नसेल. मग आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाला सिद्ध करत बसावं लागतं की मी हेवी ड्रायव्हर होतो, आणि तोपर्यंत जुनं पुस्तक जमा करून टाकलेलं असतं.

आमच्याकडच्या एका मामांचं असंच होतं. हेवी जिथे चढवलं ते ऑफिस म्हणायचं लायसन मूळ आमचं नाही, मूळ ऑफिस म्हणायचं हेवीचा शिक्का आमचा नाही. दोन्हीकडचे लोक वाईट बोलत नव्हते, पण फाइल दोघांचीही नव्हती. मामा घरी बसून, पगार बंद, मुलीची फी भरायची. काम झालं ते शेवटी कागदानेच. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं आणि त्या उत्तराची झेरॉक्स निघत नाही. हेवी चढवणाऱ्या ऑफिसला लेखी अर्ज द्यायचा की अमुक तारखेला अमुक लायसनवर ट्रान्सपोर्टची नोंद झाली, रजिस्टर बघून तसं लेखी द्यावं, सोबत पुस्तकाच्या त्या पानाची झेरॉक्स. अर्जाच्या कॉपीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पुढच्या खेपेला "माझं काय झालं" विचारायचं नाही, आवक नंबर सांगायचा. ते लेखी उत्तर मिळालं की मूळ ऑफिसला नेऊन द्यायचं, मग त्यांना नोंद दुरुस्त करायला आधार मिळतो. दुरुस्ती झाली की लगेच सारथीवरून डीएल एक्स्ट्रॅक्ट काढून ठेवा, त्यावर वर्ग आणि तारखा सगळं छापून येतं, उद्या परत काही हललं तर तो कागद कामी येतो.

म्हणून ज्यांच्याकडे अजून जुनं पुस्तक आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर उठा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानं सोडून सगळी, शिक्के वाचता येतील असा. पुस्तक फाटलंय म्हणून लॅमिनेशन करू नका, शिक्के पुसट होतात. झेरॉक्स ठेवल्याशिवाय मूळ पुस्तक कुणाच्या हातात देऊ नका, मग तो ओळखीचा का असेना.

नावाचं आणि जन्मतारखेचं. लायसनवर वडिलांचं नुसतं आद्याक्षर आणि आधारवर पूर्ण नाव, असं असेल तर सहसा निभावतं, पण जन्मतारीख वेगळी असेल तर काहीच पुढे सरकत नाही. इथे लोक घाईत आधारवरची तारीख लायसनसारखी करून आणतात. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, ती संधी चुकीच्या तारखेसाठी घालवू नका. शाळा सोडल्याचा दाखला काढा, त्यावर जे आहे ते खरं धरा, आणि जे चुकलंय ते दुरुस्त करा. बहुतेक वेळा लायसनच चुकलेलं असतं, कारण त्या काळी तारीख अंदाजे सांगितलेली असते.

आणि मोबाइल नंबर. सारथीत तुमच्या नावापुढे कुणाचा नंबर आहे ते बघा. एजंटकडून काढलेल्या लायसनवर फार वेळा एजंटचाच असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, म्हणजे पुढची सगळी वर्षं प्रत्येक कामाला त्याच्याकडे जावं लागतं. पोर्टलवर नंबर बदलायची सोय आहे, आधी ते करा. नंबर ड्रायव्हरचा स्वतःचा टाका, मालकाचाही नको, कारण नोकरी बदलते, लायसन त्याचं राहतं.

डॉक्टरचा फॉर्म १-ए

ट्रान्सपोर्टला प्रत्येक रिन्युअलला लागतो, वय कितीही असो. चाळीसच्या आत आहे म्हणून माफ, हे फक्त एनटीला. यात डॉक्टरने बघायचं असतं की लाल आणि हिरवा रंग ओळखतो का, २५ मीटरवरून उजेडात नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का, हातपाय चालतात का. आता हे सगळं न बघता सही देणारे असतात आणि ड्रायव्हर तिथेच जातात, शंभर-दोनशे रुपयात काम होतं म्हणून. मी आमच्या लोकांना तिथे पाठवत नाही. रात्री घोटी-इगतपुरीच्या पुढे धुक्यात समोरून हायबीम मारत गाड्या येतात, तिथे मोतीबिंदू सुरू झालेला माणूस पंचवीस टन घेऊन जातोय, आणि त्याला स्वतःलाच माहीत नाही की आपल्याला कमी दिसतंय, कारण हळूहळू कमी झालंय. पाच वर्षांतून एकदा कायद्याने डोळे तपासायची वेळ येते, ती कागदावर उरकू नका. चष्मा लागला तर लायसन जात नाही, चष्मा लावून २५ मीटरवरून वाचलं तरी चालतं. मालकांनी चष्म्याचे पैसे द्यावेत, गाडीच्या एका टायरपेक्षा कमी लागतात. शुगर असलेल्यांनी डॉक्टरला सांगून तपासून घ्यावं, लपवू नये.

अर्ज

सारथी, महाराष्ट्र, डीएल रिन्युअल, ओटीपी, फॉर्म १-ए, फोटो-सही, फी. मूळ फी २०० आणि स्मार्ट कार्डाचे २००, वर पोस्टाचे. उशीर केला असेल तर वर्षाला हजार याप्रमाणे वाढत जातात. पत्ता नीट टाका, कार्ड स्पीड पोस्टाने येतं आणि घरात कुणी नसेल तर परत जातं. मंजूर झालं की कार्डाची वाट बघत गाडी उभी ठेवू नका, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन कायद्याने चालतं, फक्त त्यात टीआरची नवीन तारीख दिसतेय ना ते आधी बघा.

कार्ड आलं की पहिली गोष्ट, वर्गात ट्रान्सपोर्ट आहे का. दुसरी, टीआरची तारीख. बाकी नंतर.

टँकरवाल्यांसाठी वेगळं

मनमाडजवळ पानेवाडीला डेपोत पेट्रोल-डिझेल भरणारे, गॅसच्या गाड्या चालवणारे, केमिकल नेणारे, यांना ट्रान्सपोर्टच्या वर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, तीन दिवसांचा कोर्स करून. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे अशी अट आहे, आणि ती उगाच नाही, टँकरवरच्या पाट्यांवर कुठला माल, गळती झाली तर पाणी मारायचं की नाही, हे इंग्रजीत लिहिलेलं असतं. माझं मत आहे की कोर्सला झोपा काढू नयेत, तिथे जे सांगतात ते गळती झाल्यावर विचारायला कुणी नसतं. ७५०० च्या आतली गाडी असली तरी धोकादायक माल असेल तर ही नोंद लागतेच, वर सांगितलेला निकाल याला लागू नाही.

याची मुदत पाच वर्षं नाही, तीन. आणि रिन्यू करताना एक दिवसाचा रिफ्रेशर करून सर्टिफिकेट जोडावं लागतं. म्हणजे एकाच माणसाच्या तीन तारखा झाल्या, एनटी, टीआर आणि धोकादायकची. ऑफिसात रजिस्टर ठेवत असाल तर प्रत्येक ड्रायव्हरपुढे टीआर आणि धोकादायक या दोनच तारखांचे रकाने करा, एनटी लिहूच नका. रिफ्रेशरची बॅच आपल्याला पाहिजे त्या आठवड्यात मिळेलच असं नसतं, तेव्हा टँकरवाल्याचा अर्ज दोन महिने आधी टाकायचा असेल तर कोर्सची चौकशी चार महिने आधी सुरू करा.